तुम्ही विचारलंत म्हणून: रेगा की प्रो-जेक्ट?

इंदूरच्या सानंद संस्थेच्या नाटकाचं मध्यंतर असो, इथल्या रामबागेतलं हळदीकुंकू असो, मला हा प्रश्न ठरलेला असतो: "वडिलांच्या एल.पी. माळ्यावरून काढल्यात, आता चांगलं टर्नटेबल घ्यायचंय. रेगा घेऊ की प्रो-जेक्ट?" उभ्या उभ्या मी एका शब्दात उत्तर देते, आणि मग लोकांना कारणं हवी असतात. ती इथे लिहिते.

शब्द आहे: प्रो-जेक्ट. डेब्यू कार्बन ईव्हो हे मॉडेल. रेगा मला आवडत नाही असं मुळीच नाही. इंदुरातल्या मराठी घरांत ज्या रेकॉर्डी निघतात, म्हणजे ख्याल, नाट्यगीतं आणि थोडं भावगीत, त्यांची गरज काय आहे हे बघून मी हे सांगते.

दोन्ही कंपन्यांचा पिंड वेगळा आहे. रेगा इंग्लंडची, १९७३ सालची. टोनी रेल्फ आणि रॉय गँडी या दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन इंग्रजी अक्षरं जोडून नाव झालं. गँडींचं म्हणणं पहिल्यापासून एकच: टर्नटेबल हलकं आणि ताठ हवं, म्हणजे कंपनं त्यात साठून राहत नाहीत. वजन वाढवून कंपनं दाबायची हे त्यांना पटत नाही. १९८३ मध्ये त्यांनी आरबी३०० हा टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, काढला: ॲल्युमिनियमची एकसंध ओतीव नळी, आणि स्वस्त टर्नटेबलकडे बघायची जगाची नजरच बदलली.

प्रो-जेक्ट ऑस्ट्रियाची. हाइन्झ लिश्टेनेगर यांनी ती नव्वदीच्या सुरुवातीला उभी केली, जेव्हा सगळे लोक रेकॉर्डी विकून सीडी घेत होते. लिटोव्हेल या चेक गावातला टेस्ला कंपनीचा जुना कारखाना होता, तिथल्या कारागिरांना टर्नटेबल बनवणं ठाऊक होतं. ते कौशल्य मोडीत जाऊ दिलं नाही, याबद्दल मला या माणसाचं फार अप्रूप वाटतं. त्यांची रीत रेगाच्या उलट: पोलादी प्लॅटर (रेकॉर्ड जिच्यावर ठेवतो ती फिरती तबकडी), त्याच्या आतल्या कडेला कंपनं शोषणारं रबरासारखं कडं, उंची कमीजास्त करता येणारे पाय, कार्बन फायबरचा आर्म.

आता आपलं गाणं. पाश्चात्त्य रॉक वाजवून दिलेले अभिप्राय वाचून आपण टर्नटेबल घेतो, पण ख्यालाची परीक्षा वेगळी आणि कडक आहे. ड्रम आणि गिटारच्या गर्दीत वेग जरासा डळमळला तर खपून जातो. पण उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा रागाची एल.पी. लावा. मागे तानपुरा अखंड चालू, आणि खाँसाहेब कोमल ऋषभावर शांतपणे उभे. तो स्वर केसभर हलला तरी कळतो, अगदी गाण्यातलं काही न कळणाऱ्यालाही कुठेतरी बोचतं. म्हणून वेगाची स्थिरता ही आपली पहिली अट. ईव्होमध्ये मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सांभाळला जातो, आणि तो सूर मला जास्त निश्चिंत वाटतो.

इथे एक सावधगिरी. स्वर झोके खातोय म्हणून लगेच मशीनला दोष देऊ नका. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगात रेकॉर्डीची एक फेरी १.८ सेकंदांत होते. झोका बरोबर त्याच ठेक्यात येत असेल तर बहुधा रेकॉर्डीचं भोक मध्यावर नाही. आपल्याकडच्या जुन्या छपाईत हे पुष्कळ दिसतं. खाली वाकून आर्मकडे बघा: दर फेरीला तो थोडा आत, थोडा बाहेर डुलताना दिसेल. यावर लाखाचं मशीनही काही करू शकत नाही.

दुसरी अट सुईची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ख्यालाचा क्रम काय? आधी विलंबित म्हणजे संथ, शेवटी द्रुत म्हणजे जलद. म्हणजे सगळ्यात अवघड ताना रेकॉर्डीच्या आतल्या कडेला, लेबलाजवळ येतात. एल.पी.च्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर खाच सरकते; आत पोचेपर्यंत ती निम्म्याहून कमी होते. तेवढ्याच सेकंदाचं गाणं निम्म्या जागेत कोरलेलं! गोल टोकाची सुई तिथे चाचपडते, तान फाटते, 'स' आणि 'श' चिरकतात. लंबगोल टोकाची सुई त्या दाटीत बरीच खोल शिरते. ईव्होसोबत बहुतेक ठिकाणी ऑर्टोफोनचं टू-एम रेड कार्ट्रिज (सुई बसवलेली छोटी डबी) येतं, त्याची सुई लंबगोल असते, आणि पुढे पैसे जमले की त्याच कार्ट्रिजवर टू-एम ब्लूची सुई नुसती बसवता येते. रेगाच्या प्लॅनर १ आणि २ या मॉडेलांसोबत येणारं कार्बन कार्ट्रिज साधं, गोल टोकाचं आहे. प्लॅनर २ चा आर्म त्याच्यापेक्षा कितीतरी चांगल्या सुईच्या लायकीचा आहे. दुसरं कार्ट्रिज लावायचं म्हटलं तर रेगाच्या आर्मची उंची सहज बदलत नाही, खाली चकती घालावी लागते. ईव्होचा आर्म वरखाली करता येतो.

तिसरी गोष्ट तशी घरगुती. आपल्याकडे नाट्यगीतांच्या छोट्या रेकॉर्डी ४५ च्या असतात, एल.पी. ३३⅓ च्या. एका संध्याकाळी दोन्ही निघतात. रेगावर दर वेळी प्लॅटर (प्लॅनर २ आणि ३ चं ते काचेचं) उचलून बेल्ट हाताने पुलीच्या, म्हणजे मोटरवरच्या चाकीच्या, दुसऱ्या खाचेत सरकवायचा. आमच्याकडे हे काम आजोबा करतात, आणि त्यांच्या हातात ती काच बघून माझा जीव वरखाली होतो. ईव्होला खाली डाव्या बाजूला बटण आहे.

मग रेगा कुणी घ्यावं? ज्यांना प्लॅनर ३ पर्यंत जाता येतं, मनाजोगं कार्ट्रिज एकदाच बसवून घ्यायचं आहे आणि पुन्हा हात लावायचा नाही, त्यांनी खुशाल घ्यावं. तबला त्यावर असा सुटा, टवटवीत वाजतो की ऐकत राहावं.

ज्यांच्या ट्रंकेत लाखेच्या ७८ च्या रेकॉर्डी भरपूर आहेत, त्यांनी या भांडणात पडूच नये. त्यांच्यासाठी ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०. तिन्ही वेग बटणावर, आणि ७८ साठी लागणारी जाड सुई त्याच कार्ट्रिजवर ओढून-बसवून बदलता येते. एल.पी.ची सुई ७८ वर चालवू नका, खाच सुमारे तिप्पट रुंद असते. ईव्होवरही ७८ चा वेग मिळतो, पण त्यासाठी बेल्ट बदलावा लागतो.

आणि एक, कारण हे सगळ्यांच्या मनात असतं: "मुलगा अमेरिकेत आहे, येताना घेऊन येईल." ईव्होचा ॲडॅप्टर डीसी देतो, त्यामुळे तिथल्या-इथल्या विजेचा वेगावर परिणाम होत नाही. प्लॅनर १ किंवा २ ची गोष्ट निराळी. त्यांची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. तिकडची पुली इकडे लावली की वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालेल आणि काळी एकमध्ये गाणारा गायक खालच्या काळी पाचमध्ये ऐकू येईल. नुसता व्होल्टेज कन्व्हर्टर लावून हे सुटत नाही. तिकडून रेगाच आणायचं असेल तर ५० हर्ट्झची पुली आणि २३० व्होल्टचा ॲडॅप्टर मिळेल याची खात्री आधी करा, मग मुलाला बॅगेत जागा ठेवायला सांगा.