रूपकाचा लूप आणि पेटी: तिसरा आठवडा

तबल्याच्या लूपवर, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणाऱ्या तुकड्यावर, पेटी वाजवताना दर फेरीला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, काहीतरी खुपायचं. कान तिथंच अडकायचा आणि सुरावट सुटायची. या आठवड्यात त्याचं कारण सापडलं.

मांडणी तीच आहे. भाचा तबला शिकतो, त्याच्याकडून रूपक या सात मात्रांच्या तालाचा साधा ठेका (तालाचे ठरलेले बोल) आठ आवर्तनं, म्हणजे आठ फेऱ्या, वाजवून घेतला. पेटीचे सूर हलवता येत नाहीत, म्हणून तबलाच पेटीच्या काळी एक या पट्टीला लावून घेतला. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या ठेक्याचा लूप आणि त्यावर पेटीचा ट्रॅक.

मी आधी पहिलंच आवर्तन कापून घेतलं होतं. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. ऐकायला स्वच्छ, पण फिरवलं की जोड कळायचा. रूपकाची सम खालीवर (टाळी न देता मोजायच्या जागी) येते, तिथं डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा घुमणारा आवाज, नाही, नुसता तीं. पण खरा वादक वाजवतो तेव्हा सहाव्या मात्रेच्या धींचा डग्गा सातव्या नावरून घुमत समेपर्यंत पोचतो आणि तींच्या खाली हलकेच विरतो. पहिल्या आवर्तनाच्या आधी काहीच वाजलेलं नसतं, त्यामुळे त्याच्या समेखाली ही आस, हा रेंगाळणारा नाद, नव्हती. फेरी संपली की घुमारा कापला जायचा आणि तीं कोरडा पडायचा.

मग दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची चार आवर्तनं घेतली. आता लूपच्या सुरुवातीला आधीच्या आवर्तनाची आस आपसूक येते. चार घेतल्यामुळे भाच्याच्या हातातले बारीक फरकही टिकले. एकच आवर्तन फिरवत राहिलं तर दहाव्या फेरीला ठेका निर्जीव वाटायला लागतो.

तरी तीं किंचित बोथटच येत होता. वेव्हफॉर्म मोठा करून पाहिल्यावर कळलं: तुकडा कापला की रीपर कडेला छोटासा फेड लावतो, म्हणजे तिथं आवाज हळूहळू चढवतो-उतरवतो. मी तो तसाच ठेवून ग्लू केलं होतं (कापलेल्या तुकड्याची नवी, पक्की फाइल केली होती), म्हणजे फेड आवाजातच मुरला आणि तींची पहिली टकोर त्यानं खाल्ली. फेड काढले, दोन्ही टोकं आघाताच्या जरा आधी सारख्याच अंतरानं सरकवली, मग ग्लू केलं. ग्लू करणं मात्र चुकवू नका. नुसता कापलेला तुकडा उजवीकडे ओढला तर ठेका पुन्हा सुरू न होता मूळ रेकॉर्डिंगचा पुढचा भाग उलगडत जातो.

लयीचं म्हणाल, तर आधी ठेका ताणून मिनिटाला ८४ मात्रांवर बसवला होता. सात मात्रांचं आवर्तन बरोबर ५ सेकंदांचं, हिशेब सुटसुटीत. पण ताणल्यावर चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) ना पसरट झाला. ते सोडलं. २८ मात्रा १९.७२ सेकंदांत येत होत्या, म्हणून प्रोजेक्टचाच टेम्पो ८५.१९३ केला आणि मोजणी ७/४. संगणकानं तबल्यामागं जावं, हे मला आता पक्कं पटलंय.

मेट्रोनोम बंद केला. तो पहिल्या मात्रेवर जोरात टिकटिकतो आणि रूपकात तिथंच तर खाली. भाच्यानं ऐकल्या ऐकल्या विचारलं, "मामा, ही टाळी समेवर कशी काय?" त्याचं बरोबर होतं. त्या टिकटिकीवर वाजवलेले माझे दोन दिवसांचे टेक (रेकॉर्ड केलेल्या फेऱ्या) सगळे समेवर जड आहेत.

पेटी ठेक्याच्या मागे पडतेय असं वाटत होतं, त्याचाही छडा लागला. हेडफोनची वाटी माइकला लावून ठेका पुन्हा रेकॉर्ड केला आणि दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवून पाहिले. नवा ९ मिलिसेकंद उशिरा. तेवढी भरपाई रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये घातल्यावर आघातावर आघात बसला. पेटी मी एक कान उघडा ठेवून थेट ऐकतो, सॉफ्टवेअरमधून नाही. त्यामुळे बफर (संगणक आवाज थोडा साठवून मग पुढे देतो तो साठा) १०२४ असला तरी वाजवताना अडत नाही. हेडफोन मात्र वायरचेच हवेत, ब्लूटूथचा उशीर फार मोठा.

आता चार आवर्तनांचा भाग निवडून रिपीट लावतो आणि वाजवत राहतो. दर फेरीचा वेगळा टेक साठत जातो. फेरी उलटताना लांबवलेला सूर दोन टेकमध्ये तुटतो, म्हणून चौथ्या आवर्तनाच्या पाचव्या मात्रेला मी भाता सैल सोडतो. काल अकरा टेक झाले, त्यातले तीन ठेवलेत. सातव्यात कोमल निषादावरून धैवतावर येताना डग्ग्याची आस नेमकी खाली सापडलीय, तो टेक मी सकाळपासून कितीदा तरी ऐकला.

शेवटाचं काम उरलंय. लूप दोन आवर्तनं आधी थांबवायचा आणि माझी पेटी कानात घेऊन भाच्यानं तिथून हातानं वाजवत तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा शेवटचा तुकडा) घ्यायची, असं ठरलंय. रविवारी तो येतोय.