आमची वाटचाल: फोडण्याआधी शोधायचं

लातूर शहरात आमचं प्लंबिंगचं काम २००४ पासून चालू आहे. नळजोड, टाक्या, सोलार, मोटारी सगळं करतो, पण गावात ओळख झाली ती न चालणारे संडास दुरुस्त करण्यामुळे. या कामाला नाकं मुरडणारे पुष्कळ. आम्हाला त्याचा अभिमान आहे. टीव्ही चार दिवस बंद राहिला तरी भागतं, संडास सकाळपर्यंतही थांबत नाही. घरात म्हातारं माणूस किंवा बाळंतीण असली की काय हाल होतात, ते आम्ही नेहमी बघतो.

माझे चुलते गवंडी. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावांचं पुनर्वसन झालं, त्या घरबांधणीवर ते होते. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असायचो. संडासाच्या चार इंची पाईपला दहा फुटांना तीन इंच उतार, हे मी त्यांच्याकडून लेव्हल ट्यूब धरून शिकलो. उतार कमी पडला की घाण जागेवर बसते, आणि नको इतका दिला की पाणी पुढे पळतं, घाण मागेच राहते. पुढे आयटीआयला प्लंबर ट्रेड केला, दोन वर्षं एका ठेकेदाराकडे राबलो आणि मग गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत छोटा गाळा घेतला.

त्या काळी फ्लश होत नाही म्हटलं की मिस्त्री आधी छन्नी-हातोडा काढायचा. फरशी फोडा, कमोड उपटा, नवा बसवा. गिऱ्हाईकही ते मुकाट्याने मान्य करायचं, कारण आत काय चाललंय हे त्याला कुणी सांगतच नसे. आमचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं: फोडण्याआधी शोधायचं. दोष पाणी आत येण्यात आहे की बाहेर जाण्यात, हे कळल्याशिवाय अवजार हातात घ्यायचं नाही.

त्याची परीक्षा एका बादलीची आहे. कमोडमध्ये पाणी आधीच काठापर्यंत आलेलं नसेल, तर आठ-दहा लिटर पाणी गुडघ्याच्या उंचीवरून एकदम ओतायचं. सरसर निघून गेलं, तर कमोड आणि पाईप निर्दोष, दोष कमोडच्या फ्लशटाकीत. पाणी वर चढून हळूहळू उतरलं, तर पुढे कुठेतरी अडलंय. एवढ्या एका गोष्टीने आमच्या गिऱ्हाइकांच्या कितीतरी फरश्या वाचल्या.

लातुरात निम्म्याहून जास्त वेळा दोष टाकीतच निघतो, आणि त्याचं कारण आमचं पाणी. नळाला काही दिवसांनी एकदा पाणी येणार, मधल्या दिवसांत बोअर. बोअर पाचशे फुटांच्या, काही हजारच्या. त्या पाण्यात क्षार इतके की नवी तोटी वर्षभरात पांढरी पडते. एका निवृत्त गुरुजींच्या घरी आम्हाला बोलावलं होतं. कमोडच बदला, असं त्यांना आधी कुणीतरी सांगून गेलं होतं. बादली ओतली, झटक्यात गेली. टाकीचं झाकण उचललं तर पाणी तळापासून जेमतेम चार बोटं. टाकीला पाणी सोडणारी भिंतीवरची तोटी, म्हणजे अँगल कॉक, पूर्ण उघडी होती. कनेक्शन पाईप सोडून बादलीत धरला, धार जोरात. म्हणजे दोष फ्लोट व्हॉल्व्हमध्ये, टाकी भरली की पाणी बंद करतो त्यात. तो काढला तर तोंडाशी नखाएवढी बारीक जाळी असते, तिच्यावर चुन्याच्या डबीच्या तोंडाला बसते तशी खर बसलेली. जाळी लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवली, जुन्या टूथब्रशने घासली, परत बसवली. टाकी आतल्या खुणेपर्यंत भरली आणि गुरुजींनी स्वतः बटण दाबलं. नव्या कमोडसाठी काढून ठेवलेले पैसे त्यांनी नातीच्या फीला भरले.

क्षारांची दुसरी जागा म्हणजे कमोडच्या काठाखालची भोकं. टाकी भरलेली, बटण चांगलं, तरी पाणी नुसतं रडत रडत उतरतं, तेव्हा आरसा काठाखाली धरून बघावं. भोकं बुजलेली दिसतील. तिथेही लिंबूसत्व रात्रभर आणि मग तार. जळजळीत ॲसिडचे कॅन दारोदार विकले जातात, ते आम्ही वापरत नाही. त्याने फरशीचे सांधे उघडे पडतात, तोट्यांचं निकेल जातं. आणि ते ब्लीचिंग पावडरशी एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद संडासात तो जिवावर बेततो. हे आम्ही प्रत्येक घरी बजावून सांगतो, घरातल्या बाईला आणि कामाला येणाऱ्या मावशींना दोघींनाही.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाही. मांजरा धरण कोरडं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्या दिवसांत आमचा धंदा बसेल असं लोकांना वाटलं, पण उलट फोन वाढले. माणसं कपडे धुतलेलं पाणी तांब्या-तांब्याने संडासात टाकत होती. तांब्याभर पाण्याने घाण कमोडच्या वळणातून पुढे सरकते, पण पाईपमध्येच अडकून वाळते. कुणी टाकीत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या. पाणी वाचवायची तळमळ खरी होती, पण जुनं भांडं दहा लिटरसाठी घडवलेलं असतं, त्याला सहा लिटरमध्ये धुवायला सांगून चालत नाही. आम्ही तेव्हा घरोघर सांगत फिरलो: चार वेळा थोडं थोडं टाकू नका, साठवा आणि एकदाच जोरात ओता. ज्यांना परवडत होतं त्यांना तीन आणि सहा लिटरची दोन बटणांची टाकी आणि तिला जुळणारं भांडं, असा जोडच बसवून दिला. नुसती टाकी बदलून दिली नाही, मागितली तरी. त्या उन्हाळ्यात सांगण्याचे पैसे आम्ही कुणाकडून घेतले नाहीत. पुढे जी गिऱ्हाइकं जोडली गेली, त्यातली बरीच त्यावेळची.

ट्यूशन एरियातली होस्टेलं हा आमच्या कामाचा मोठा भाग. बाहेरगावची लेकरं नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीला येतात, एका संडासावर आठ-दहा जण. तिथे टाकी दोषी नसते, अडथळाच असतो. सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू, शाम्पूच्या पुड्या. पॅड पाण्यात विरघळत नाही, फुगतं आणि वळणात पाचरीसारखं बसतं. आधी रबरी पंप: तोंड पाण्यात बुडलेलं हवं, नाहीतर नुसती हवा दाबली जाते. दाबण्यापेक्षा ओढण्यावर जोर द्यायचा, वस्तू आली त्याच वाटेने परत यावी म्हणून. नाहीच आली तर पाईपमध्ये घालायची लांब स्प्रिंग. मुलींच्या होस्टेलमध्ये हे बोलायचं कुणी, हा प्रश्न होता. ते काम माझ्या पत्नीने हातात घेतलं. ती वॉर्डन ताईंना भेटते, मुलींशी मोकळेपणाने बोलते, प्रत्येक संडासात झाकणाची बादली आणि जुन्या वर्तमानपत्राचा गठ्ठा ठेवायला लावते. जिथे ती बादली आली, तिथले आमचे फेरे कमी झाले. आमचं बिल घटलं, आम्हाला त्याचा आनंदच आहे.

काही दोष संडासात नसतातच. कमोड गुडगुड आवाज करतो, नहाणीच्या जाळीतून वास येतो, फ्लश अर्धवट. अशा वेळी आम्ही आधी गच्चीवर जातो. संडासाच्या पाईपातला वायू वर सोडणाऱ्या गॅस पाईपच्या तोंडावर कावळ्याचं घरटं असतं, किंवा वॉटरप्रूफिंग करताना कुणी सिमेंट थापून ते बंद केलेलं असतं. पाईपला वरून हवा मिळाली नाही की पाणी अडखळत उतरतं. वरच्या मजल्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीतले फ्लश व्हॉल्व्ह चालत नाहीत, त्याचंही तसंच. त्याला स्वतःची टाकी नसते, सगळा जोर गच्चीवरच्या टाकीच्या उंचीचा. टाकी डोक्यावर पाच-सात फुटांवर असेल तर जोर येणार कुठून? व्हॉल्व्ह तीनदा बदलला तरी तो तसाच चालणार. टाकी उंच करा किंवा साधी फ्लशटाकी लावा.

आणि घरातले दोन-तीन संडास एकदम मंद झाले, तर बाहेरचं चेंबर, म्हणजे पाईप एकत्र येतात तो झाकणाचा खड्डा, उघडा. चेंबर भरलेलं असेल तर सेप्टिक टँक बघा. दोन-तीन वर्षांनी तो उपसायलाच हवा, वीस वर्षं न उपसलेले टँकही आम्ही बघितलेत. टँकमध्ये आमचा माणूस उतरत नाही. कितीही पैसे देऊ केले, कितीही ओळखीचा माणूस असला तरी नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेची साधनं न देता माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आम्ही उतरवलं नसतं. आतल्या वायूने एका श्वासात माणूस कोसळतो, त्याला काढायला गेलेला दुसराही. मशीनची गाडी बोलावतो, ती येईपर्यंत थांबतो.

आज आम्ही सात जण आहोत, त्यात दोन मुली. पत्नी फोन सांभाळते. परवाच औसा रोडवरून एका मामांचा फोन होता, "ताई, पाणी वरच येऊलालंय!" तिने शांतपणे विचारलं: एकच संडास की सगळे? बादली ओतली का? गच्चीवर काही काम झालं का? एवढ्यावरून कुठला माणूस आणि कुठलं सामान पाठवायचं ते ठरतं. बरेच जण फोनवरच अँगल कॉक उघडून घेतात आणि काम संपतं. त्याचे पैसे नाहीत.

काम झालं की टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, व्हॉल्व्हचा साईज आणि वॉशर कुठला बसवला ते लिहितो. पुढच्या वेळी आम्हीच येऊ असं नाही, जो येईल त्याला कळावं. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात देतो.

यंदापासून मे महिन्यात होस्टेलांची तपासणी ठरवून करतो आहोत. जूनमध्ये लेकरं यायच्या आत सगळ्या टाक्यांच्या जाळ्या, काठाची भोकं, गॅस पाईप आणि चेंबर बघून द्यायचे. ज्यांना नाव लावायचं आहे त्यांनी एप्रिलअखेर सांगावं, मे मधल्या तारखा लवकर भरतात.