मूळ की दांडा

जास्वंदीला पाणी कमी पडलं तर ती संध्याकाळपर्यंत मान टाकते. पाणी घाला, तासाभरात ताठ. असा रोखठोक व्यवहार असला की बरं असतं. ऑर्किडचा मामला उधारीचा. आज केलेल्या चुकीचं बिल तीन महिन्यांनी हातात पडतं, आणि त्यात कशाकशाचे पैसे लावलेत हे काही लिहिलेलं नसतं.

मुळात ही मंडळी गाठीला बांधून जगणारी. त्यातली बरीचशी झाडांच्या फांद्यांवर वाढतात, मातीशी देणंघेणं नाही, पाऊस येईल तेव्हा येईल. म्हणून कुणी फुगीर खोडात पाणी साठवतं, कुणी जाड पानांत. याच साठवणीमुळे खाली मुळं कुजली तरी वर पानं कितीतरी दिवस हिरवीगार दिसतात. माझं पहिलं फॅलेनॉप्सिस (ऑर्किडचाच एक प्रकार) असंच गेलं. कुंडी सरकवायला गेले तर झाड अलगद हातात आलं. मुळांच्या जागी ओल्या सुतळीसारखं काहीतरी लोंबत होतं. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरचं साल मोज्यासारखं निसटलं आणि आतला दोरा तेवढा उरला.

निरोगी मूळ मात्र बघत बसावं असं असतं. कोरडं असताना रुपेरी आणि पाणी पडलं की डोळ्यांदेखत हिरवं. त्याच्यावर मृत पेशींचा स्पंजासारखा थर असतो, त्याला वेलामेन म्हणतात. तो पाणी पितो आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. ही गंमत बघण्यासाठी मी दिवसातून कितीदा पाणी मारत होते ते सांगत नाही. त्या सुतळीचं मूळ कारण बहुधा तेच.

एवढ्यावर शहाणं व्हावं की नाही? मी ड्रॅक्युला आणलं.

नावाने दचकू नका, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘छोटा ड्रॅगन’. कोलंबिया आणि इक्वेडोरच्या डोंगरांवर जिथे ढग झाडांतून फिरतात, तिथलं हे ऑर्किड. १९७८ साली वनस्पतिशास्त्रज्ञ कार्लाइल ल्यूर यांनी मास्डेव्हॅलिया या ऑर्किडांच्या प्रजातीतून वेगळं काढून त्याची निराळी प्रजाती केली. फुलाला तीन लांब शेपट्या. मधली पाकळी काही जातींत हुबेहूब अळंबीच्या खालच्या बाजूसारखी, वासही अळंबीचा. बारक्या माश्या फसून येतात. आणि मीही.

त्याला थंडावा हवा, दमटपणा हवा, शिवाय वारा हवा. यातले कुठलेही दोन जमवले की तिसरं हातचं जातं. पंखा लावला की हवा कोरडी, झाकून ठेवलं की बुरशी. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी पानांची टोकं करपली, म्हणून पावसाचं पाणी बाटल्यांत भरून ठेवलं. “घरात सगळ्यात स्वच्छ पाणी कोण पितं?” असं नवऱ्याने एकदा विचारलं, उत्तराची अपेक्षा न ठेवता.

झाड जगलं. नवी पानंही काढली. फूल मात्र नाही. वर्षभर मी खत बदललं, जागा बदलली, एकदा तर पुढ्यात उभी राहून जरा सुनावलंसुद्धा. शेवटी कुंडी बदलायची म्हणून झाड बाहेर काढलं, तर तळाशी ओल्या शेवाळात काळे पडलेले चार दांडे. त्यांतल्या एकाच्या टोकाला चेपटलेली कळी. बहुतेक ड्रॅक्युलांचा फुलांचा दांडा वर येतच नाही, तो खाली जातो आणि झाडाखाली लोंबतो. म्हणून त्याला जाळीची टोपली लागते. मी त्याला सुंदर, जाड बुडाच्या कुंडीत लावलं होतं. वर्षभर फुलायचा प्रयत्न चालला होता, आणि मी वरून विचारत होते, अजून का नाही?

तेव्हापासून ते टोपलीत टांगलेलं आहे. बुडातून काही आलं का, हे बघायला मला वाकून मान वर करावी लागते.

दुर्मीळ जाती मुळात दुर्मीळ का, याचं थोडं उत्तर बियांत आहे. ऑर्किडच्या एका शेंगेत धुळीसारख्या लाखो बिया असू शकतात, पण शिदोरी एकीजवळही नसते. निसर्गात विशिष्ट बुरशी भेटली तरच ती रुजते. १९२२ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी बुरशीवाचून, साखर घातलेल्या अगारच्या जेलीवर बिया रुजवून दाखवल्या. त्यामुळे रोपवाटिकेत वाढवलेली रोपं मिळायला लागली, जंगलातून ओरबाडायची गरज उरली नाही. तरी ओरबाडणारे ओरबाडतातच, त्यांच्याविषयी मला चांगले शब्द सुचत नाहीत.

सध्या लक्ष दुसऱ्या फॅलेनॉप्सिसकडे आहे. रात्री जरा गार व्हायला लागल्या आणि खालून दुसऱ्या पानाच्या बेचक्यातून हिरवं टोक डोकावलं. मूळ की फुलाचा दांडा? टोक गोल, गुळगुळीत असेल तर मूळ. किंचित चपटं, अंगठा वेगळा आणि बाकीची बोटं एकत्र असलेल्या हातमोज्यासारखं असेल तर दांडा. पुस्तकी खूण झाली. प्रत्यक्षात ते दोन मिलिमीटर असतं आणि भिंगातून सकाळी दांडा दिसतं, दुपारी मूळ. नवऱ्यालाही भिंग देऊन बसवलं. “दांडा,” तो म्हणाला, मला तेच ऐकायचं होतं म्हणून.

अकरा दिवसांनी त्याला रुपेरी झाक आली. मूळच. आता ते कुंडीची कड ओलांडून शेजारच्या कुंडीकडे निघालंय.