खांद्याखालचेच कट्टे हलके

कारंजा तालुक्यातल्या एका गोदामातून मे महिन्यात सोयाबीनची पहिली गाडी तेलगिरणीला गेली आणि तिकडच्या काट्यावर सहा क्विंटल कमी भरली. गाडीत ५० किलो निव्वळचे ३२० कट्टे, म्हणजे १६ टन माल होता. कट्टे मोजून बरोबर, सील शाबूत, ताडपत्रीच्या गाठी जशाच्या तशा. साठा तपासायला मी गोदामात पोचलो तेव्हा उत्तर तयारच होतं : "वाळलं न भाऊ ते. ऊन पाहा ना काय तपते."

ते बरंचसं खरं होतं. अशा वेळी तपासणी तिथेच थांबते, आणि चोराला तेवढंच हवं असतं.

आधी काट्याचा संशय फेडला. धर्मकाट्याच्या, म्हणजे अख्खी गाडी तोलायच्या काट्याच्या, प्लॅटफॉर्मखाली चिखल-खडी अडकली की शून्य हलतं, म्हणून ते झाडून घेतलं. रिकाम्या वजनाला आणि भरल्या वजनाला ड्रायव्हर-क्लीनर गाडीत होते की खाली, आणि मधल्या वेळात डिझेल भरलं का, हेही विचारलं. ३०० लिटर डिझेल म्हणजे अडीचशे किलो. एवढ्यावरच कितीतरी तुटी 'जमतात'. इथे दोन्ही पावत्या स्वच्छ होत्या.

मग वाळण्याचा हिशेब. बरेच जण आवकेच्या १२ टक्के ओलाव्यातून आताचा ९ वजा करून तीन टक्के घट धरतात. ते चूक आहे. १२ टक्के ओलाव्याच्या ५० किलो सोयाबीनमध्ये ४४ किलो कोरडा माल असतो. पाणी उडालं तरी हे ४४ किलो जागेवरच राहतात. ओलावा ९.३ टक्क्यांवर आला, तर ४४ भागिले ०.९०७, म्हणजे कट्टा ४८.५ किलो भरायला हवा. गाडीतून काढलेल्या नमुन्यांचा सरासरी ओलावा ९.३ होता. कट्ट्यामागे दीड किलो, म्हणजे ३२० कट्ट्यांत पावणेपाच क्विंटल उन्हानं नेले. उरलेला सव्वा क्विंटल कुठे गेला, हे उन्हाला विचारून चालणार नव्हतं.

गोदामात चार थप्प्या शिल्लक होत्या, प्रत्येकी चौदा थरांच्या. पहिल्या थप्पीचे कट्टे मी जागा लिहून, एकेक करून प्लॅटफॉर्म काट्यावर घेतले. तागाच्या बारदान्याचे ५८० ग्रॅम वजा केले आणि प्रत्येक कट्ट्याचा ओलावा वेगळा पाहिला. तापल्या धान्यावर ओलाव्याचा मीटर सरळ लावला तर आकडा फसवतो. नमुना बंद डब्यात ठेवून सावलीत गार होऊ द्यावा लागतो आणि मीटरवर धान्य सोयाबीनच निवडलेलं आहे ना, ते बघावं लागतं.

आतले कट्टे हिशेबाला बरोबर बसले. कडेचे जास्त वाळलेले, ८.८ टक्क्यांवर; ते ४८.२ किलो भरायला हवे होते. वरच्या सात थरांतले कडेचे कट्टे तेवढेच भरले. खालच्या सात थरांतले मात्र ४६.८ च्या आसपास. ओलावा तोच, वजन जवळपास १.४ किलोनं कमी. ऊन काही माणसाच्या खांद्यापर्यंत येऊन थांबत नाही.

तेही सगळ्या बाजूंनी नाही. भिंतीकडच्या गल्लीत आणि मागच्या आखूड बाजूलाच. थप्पी आणि भिंत यांच्यात अडीच फुटांची वाट सोडतात, ती फिरून पाहण्यासाठी. तिथे तुटके पाट आणि फाटका बारदाना रचून वाट बुजवलेली होती. तो हलवून टॉर्च मारला तर कट्ट्यांच्या खालच्या कोपऱ्याजवळ तागाचे धागे गोल फाकलेले आणि नखानं परत घासून जुळवलेले दिसले. कट्ट्यात खुपसून नमुना काढायच्या परखीनं एका वेळी मूठभर माल निघतो. इथे तिरपी कापलेली नळी खुपसली होती. सोयाबीन गोल दाण्याचं, नळी लागली की आपोआप वाहतं. नळी काढून धागे सारखे केले की कट्ट्यांची मोजणी, शिलाई, सील सगळं बरोबर राहतं. थप्पी मात्र गल्लीकडे किंचित झुकलेली होती, कारण खालचे कट्टे सैल पडले होते.

माल दारातूनच गेला होता, दिवसाढवळ्या, 'झाडण' म्हणून. गोदाम झाडल्यावर निघणारा केरमिश्रित माल झाडणीचा ठेकेदार उचलायचा. गेटपासवर 'झाडण, ४ कट्टे' एवढंच, वजनाचा रकाना कोरा. उचलायला ठेवलेला एक कट्टा मी उघडायला लावला. झाडणीत माती, काड्या, फुटका दाणा असायलाच हवा. यात वरचा वीतभर केर आणि खाली निवडल्यासारखं सोयाबीन. चारही थप्प्या धरून हलके कट्टे सहाशेच्या घरात निघाले. साडेआठ क्विंटलच्या आसपास माल, २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावानं चाळीस हजारांवर. हा माल ज्यांनी तारणावर ठेवला होता त्या शेतकऱ्यांच्या माथी ही रक्कम 'घट' म्हणून बसली असती, याचा मला फार राग आला.

ठेका त्याच आठवड्यात गेला, पोलिसांत तक्रार झाली. गोदामात आता गल्ल्या मोकळ्या आहेत. झाडण आणि रिकामा बारदाना वजन केल्याशिवाय फाटकाबाहेर जात नाही. प्रत्येक थप्पीचे दहा कट्टे रंगानं खुणावले आहेत : चार गल्लीकडचे खालचे, तीन वरचे कडेचे, तीन दारासमोरचे. महिन्याला तेच दहा वजन आणि ओलाव्याला घेतले जातात आणि आकडा थप्पीच्या पाटीवर लिहिला जातो. सही गोदामपालाची आणि माल ठेवणाऱ्यांपैकी एकाची. हे सगळं जमतं ते आवकेच्या दिवशीचा ओलावा पाटीवर असेल तरच. शेजारच्या तुरीच्या दोन थप्प्यांवर तो लिहिलेलाच नाही. त्यांची तूट वाळण्याची की चोरीची, हे आता सांगता येणार नाही.