फरक सापडेना, तर किती वेळ शोधायचा?

बँकेत नव्याने लागलेली मुलं हमखास विचारतात, "मॅडम, अडलं की आपलं आपण किती वेळ शोधायचं? लगेच विचारलं तर 'हिला काहीच येत नाही' म्हणतात, नाही विचारलं तर 'आधी का नाही सांगितलं' म्हणून ओरडतात."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. १९९६ साली मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत लागले. तेव्हा सगळं हातानं. महिनाअखेरीला बचत खात्यांच्या लेजरमधल्या, म्हणजे खातेवहीतल्या, शिलकी उतरवून बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरशी, म्हणजे शाखेच्या एकूण हिशेबाच्या मुख्य वहीशी, जुळवायची. माझा फरक आला २,७०० रुपयांचा. तीन संध्याकाळी मी एकटी बेरजा करत बसले. शेवटची एसटी चुकायची वेळ आली, तरी तोंड उघडलं नाही.

चौथ्या दिवशी हेडकॅशियर काकांनीच विचारलं, "किती आहे गं?" मी आकडा सांगितला. "नवानं भाग जातो की. बहुतेक शेजारचे दोन आकडे उलटे पडलेत; तसं झालं की फरकाला नवानं भाग जातोच. भागून आले तीनशे, म्हणजे हजार आणि शेकडा या घरांत तीनचा फरक असलेले आकडेच बघ." पंधरा मिनिटांत सापडलं. ५,२०० चे मी २,५०० उतरवले होते. काका एवढंच म्हणाले, "तीन दिवस काय लोणचं घालत होतीस?"

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. व्हाउचर, म्हणजे व्यवहाराचा कागद, हातात आलं की काकांकडे. ते वैतागले. "काय काय बघितलंस ते आधी सांग," म्हणायचे. सांगता सांगताच निम्म्या वेळा माझं मलाच कळायचं. (उरलेल्या निम्म्या वेळा बोलणी बसायची, ते वेगळं.)

माझा हिशेब तेव्हापासून असा आहे. कागदावरचा फरक असेल तर एक संध्याकाळ तुमची. कागद कुठे पळून जात नाही. काउंटरवरची कॅश कमी भरली, तर एक मिनिटही थांबू नका, कारण जास्तीचे पैसे घेऊन गेलेला माणूस अजून बाहेर चपला शोधत असतो. तो गेला की रक्कम तुमच्या खिशातून. आणि "जरा तुमच्या पासवर्डनं माझी एंट्री पास करू का" ही मदत नव्हे. मागूही नका, देऊही नका. आपल्या तिजोरीलासुद्धा दोन किल्ल्या असतात, दोघांकडे एकेक. त्यात कॅशियरला कुणी कच्चा म्हणत नाही.

मागच्या महिन्यात एक मुलगी सस्पेन्स खात्याचं (न जुळलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्याचं) स्टेटमेंट घेऊन आली. "मॅडम, नवानं भाग जात नाही. नावेऐवजी जमा पडलं की फरक दुप्पट दिसतो, म्हणून निम्मी रक्कमही शोधली, नाही मिळाली." मी तिला खुर्ची दिली. साडेसहाला सापडलं. एकच व्हाउचर दोनदा पडलं होतं, आणि अख्खी रक्कम शोधून बघायचं आम्हा दोघींनाही सुचलं नव्हतं.