सोलापूर ते चेन्नई: बिऱ्हाड हलवणाऱ्यांसाठी

बँकेतल्या बदलीमुळे आम्ही सोलापूर सोडून चेन्नईला आलो. मी, नवरा, तिसरीतली मुलगी आणि सासूबाई. तमिळ कुणालाच येत नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं. निघण्याआधी जो तो भाषेची भीती घालत होता. आता इथला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही अंगावरून गेल्यावर सांगते, चेन्नईत माणसाचं भाषेवाचून अडत नाही तितकं पाण्यावाचून अडतं. पिण्याचं पाणी, वापरायचं पाणी आणि आभाळातून पडणारं पाणी, या तिन्हींचा विचार करून जागा घेतली तर बाकी सगळं हळूहळू जमतं. म्हणून या वृत्तांतात जागेबद्दलच जास्त लिहिलंय.

आधी प्रवास. सोलापूर मुंबई–चेन्नई रेल्वेमार्गावरच असल्यामुळे थेट गाड्या आहेत. वाडी, रायचूर, गुंतकल, रेणिगुंटा करत गाडी चेन्नईला येते. तिकिटावर शेवटचं स्टेशन नीट बघा, कारण काही गाड्या चेन्नई सेंट्रलला जातात, काही एग्मोरला. दोन्हीकडे मेट्रो आहे, त्यामुळे उतरल्यावर रिक्षावाल्याशी घासाघीस करत बसायची गरज नाही. सामान आणि मुलं-म्हातारी माणसं मागे ठेवून आधी दोघांनीच या, मेट्रोजवळ एखाद्या साध्या लॉजमध्ये उतरा आणि चालत फिरा. फोनवर फोटो बघून इथे जागा ठरवू नका, हे अगदी कळकळीने सांगते.

माझं ऑफिस गिंडीला. त्यामुळे दोनच गोष्टी धरल्या: बीच–तांबरम लोकल किंवा मेट्रोची निळी लाइन चालत गाठता आली पाहिजे आणि रस्त्यावर पाणी साचता कामा नये. वेलाचेरीत फ्लॅट छान होते, आमच्या खिशाला परवडणारेही होते. पण वेलाचेरी, पल्लिकरणै हा सगळा मुळात तलावांचा आणि दलदलीचा पट्टा. डिसेंबर २०१५ च्या पुरात आणि डिसेंबर २०२३ च्या मिचाँग वादळात तिथले लोक दिवसचे दिवस अडकून पडले होते. मोठ्या पावसाचा इशारा आला की तिकडची मंडळी आपापल्या गाड्या नेऊन उड्डाणपुलावर लावतात. घर दाखवणारा एजंट हे सांगत नाही. त्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘इथे कधीच पाणी येत नाही, मॅडम.’

मग कुणाला विचारायचं? गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर इस्त्री करणाऱ्याला. तो तिथेच उभा असतो, वर्षानुवर्षं, आणि त्याला कुणाचं घर भाड्याने जावं याच्याशी देणंघेणं नसतं. आम्ही एका गल्लीत विचारलं तेव्हा त्याने काही न बोलता समोरच्या भिंतीवर हाताने कमरेएवढी रेघ ओढून दाखवली. त्या रेघेखाली रंगाचे पोपडे सुटलेले होते, वर भिंत ठीक होती. आम्ही तिथूनच परत फिरलो.

आणखी एक खूण. इथे रस्त्यांवर थरावर थर डांबर पडत गेल्यामुळे जुन्या घरांची अंगणं रस्त्यापेक्षा खाली गेली आहेत. फाटकातून आत जाताना पायरी उतरावी लागली, तर भाडं कितीही कमी असलं तरी तळमजला घेऊ नका. विजेच्या मीटरची पेटी भिंतीवर किती उंचीवर बसवली आहे तेही बघा. ती नुकतीच डोक्याच्या वर सरकवलेली दिसली तर त्यामागचं कारण विचारा. आणि शक्य असेल तर एखादी जोरदार सर येऊन गेल्यावर, तासाभराने, गल्लीत चक्कर मारा. जूनपासून संध्याकाळी अधूनमधून गडगडाटी पाऊस होतो, तेवढ्यावरही अंदाज येतो.

आपल्याकडे पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर. इथे वर्षाच्या निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर पडतो. म्हणजे आपण दिवाळीची साफसफाई काढतो तेव्हा इथे छत्र्या निघतात. वादळं येतात तीही याच काळात.

हे झालं जास्तीच्या पाण्याचं. कमी पाण्याचीही गोष्ट आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात या शहराला पाणी पुरवणारे पूंडी, चोळावरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चारही तलाव जवळपास कोरडे पडले होते. मिंजूर आणि नेम्मेली इथे समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प आहेत, तरी प्रत्येक गल्लीचं पाणी वेगळं. सोलापूरकरांना चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाची सवय असते, त्यामुळे टंचाईची भीती वाटली नाही. पण बोअरच्या खाऱ्या पाण्याची सवय नव्हती. म्हणून घर बघताना नळ सोडून हातावर साबण चोळून बघा. फेस येत नसेल, नळाच्या तोटीवर पांढरा थर धरलेला असेल, तर गीझर, वॉशिंग मशीन आणि केस, तिन्हींची वाट लागते. घरमालकाला नेमकं विचारा: ‘मेट्रो वॉटर’ येतं का (शहराच्या पाणीपुरवठ्याला इथे सगळे असंच म्हणतात), ते खालच्या टाकीत किती दिवसांनी येतं, एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो का आणि त्याचे पैसे भाड्यात धरले आहेत की वेगळे. पिण्यासाठी वीस लिटरचे कॅन घरपोच मिळतात. वरच्या मजल्यावर कॅन आणून देतात का, हेही आधीच विचारून ठेवावं. सासूबाईंना जिन्यावरून कॅन चढवायला लागू नये म्हणून आम्ही ते पहिल्याच दिवशी दुकानदाराशी बोलून ठेवलं.

असं बघत बघत नंगनल्लूरला जागा मिळाली, नंगनल्लूर रोड मेट्रोपासून चालत जाण्याजोगी. नंगनल्लूरच्याही सगळ्या गल्ल्या सारख्या नाहीत, हे लक्षात ठेवा. जागा एजंटकडून नाही मिळाली, फाटकावर लावलेल्या ‘टू-लेट’ पाटीवरून मिळाली. जुन्या वस्त्यांत अजून पाट्या लागतात. सकाळी लवकर फिरलात तर मालकीण अंगणात कोलम (इथली रांगोळी) घालताना भेटते आणि बोलणं तिथेच होतं. पाटीवर ‘फक्त शाकाहारी’ लिहिलेलं बऱ्याच ठिकाणी दिसेल. तुम्ही मांसाहारी असाल तर लपवून राहू नका. मोकळेपणाने विचारणारी आणि होकार देणारी घरंही भरपूर आहेत.

आमच्या घरमालकीणबाईंना सगळी गल्ली मामी म्हणते, आम्हीही म्हणतो. भाडं ठरल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो अनामतीचा नव्हता, ‘दूध कधी तापवणार?’ असा होता. नव्या घरात आधी दूध उतू घालायचं, मग सामान आणायचं. आणि हे आडी महिना लागायच्या आत. आडी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. त्यात आणि डिसेंबर-जानेवारीतल्या मार्गळीत इथली माणसं सहसा घर बदलत नाहीत. याचा व्यवहारातला उपयोग असा की आडी लागण्याआधी जागांसाठी झुंबड असते, आणि जागा बघायला निवांतपणा हवा असेल तर आडीतच बघाव्यात, भाडंही थोडंफार खाली येतं. सासूबाईंनी सोलापूरहून आणलेली पितळी पातेली काढली, मामींनी हळद-कुंकू दिलं, आणि दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नसताना दूध व्यवस्थित उतू गेलं.

पैशांचं थोडक्यात. अनामतीला इथे ‘अॅडव्हान्स’ म्हणतात. २०१७ च्या भाडेकरू कायद्यात ती तीन महिन्यांच्या भाड्याइतकी सांगितली आहे, पण करारात वेगळं ठरवता येतं, त्यामुळे पाच-सहा महिन्यांची मागणी सर्रास होते. बोलून कमी होते, बोला. करार लेखी करून भाडे प्राधिकरणाकडे नोंदवून घ्या. गॅस आणि आधारच्या पत्त्यासाठी तोच उपयोगी पडतो. घर सोडताना रंगकामापोटी महिन्याचं भाडं कापणारे मालक आहेत, तो मुद्दा आत्ताच कागदावर यावा. विजेला ‘ईबी’ म्हणतात. बिल दोन महिन्यांनी येतं, घरगुती जोडणीला पहिले १०० युनिट मोफत असतात आणि ५०० च्या पुढे गेलात की दराचे टप्पेच बदलतात. त्यामुळे तुमच्या घराला स्वतंत्र मीटर आहे ना, आणि मालक स्वतःच्या दराने वसुली तर करत नाही ना, हे बघाच.

सामान आणताना एसी आणा, कूलर आणू नका. सोलापूरच्या कोरड्या उन्हात वाळ्याचा कूलर स्वर्ग वाटतो. इथल्या दमट हवेत तो नुसती ओल वाढवतो. चामड्याच्या वस्तूंना बुरशी लागते, मसाले सादळतात, म्हणून घट्ट झाकणाचे डबे जास्त आणा. सामान पोचवणाऱ्या कंपनीने आमच्याकडून इथे आल्यावर ‘जिना अरुंद आहे’ म्हणून जादा पैसे मागितले. ट्रक अर्धा रिकामा करून माणसं बसून राहिली. तुम्ही मजला, जिना, ट्रक दारापर्यंत येतो की नाही, हे सगळं आधी लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता सामान उतरल्यावरच द्या. स्कूटर आम्ही रेल्वेच्या पार्सलने पाठवली. टाकी रिकामी करावी लागते, आरसीची प्रत लागते. बारा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर गाडीची इथे नोंदणी करावी लागते, त्यासाठी सोलापूरच्या आरटीओची ना-हरकत निघतानाच घेऊन ठेवली तर फेरा वाचतो.

शाळेसाठी दाखला इंग्रजीत मागा आणि त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही-शिक्का घ्या, राज्य बदलताना तो लागतो. तमिळनाडूत २००६ च्या कायद्यामुळे शाळांतून तमिळ शिकवलं जातं. मधल्याच इयत्तेत येणाऱ्या मुलाला शाळा कसं सामावून घेते, हे प्रवेश घेण्याआधी मुख्याध्यापकांना विचारा. आमच्या शाळेने मुलीला पहिलीच्या पुस्तकापासून सुरुवात करून दिली. ती पहिले काही आठवडे फार गप्प होती. घरी आल्यावर कुणाशी बोलायची नाही. मला बदली नाकारायला हवी होती का, असंही त्या काळात वाटून गेलं. मग मामींची नात तिला संध्याकाळी खाली घेऊन जाऊ लागली आणि खेळता खेळता तमिळ तिच्या तोंडात बसलं. आता बाजारात आमची दुभाषी तीच. मुलं असतील तर जागा बघताना गल्लीत त्यांच्या वयाची मुलं आहेत का, हे पाण्याइतकंच महत्त्वाचं धरा.

मोठ्यांनी सुरुवातीला मोजके शब्द घोकले तरी पुरतात: तण्णी म्हणजे पाणी, एव्वळवु म्हणजे केवढ्याला, पोदुम म्हणजे पुरे, वेण्डाम म्हणजे नको. अण्णा आणि अक्का तर आपल्याकडूनच घेऊन या. हिंदी बोलण्यापेक्षा मोडकं तमिळ आणि थोडं इंग्रजी बोला, समोरचा माणूस लगेच मदतीला येतो. रिक्षा मीटरने क्वचितच जाते, अॅपवर भाडं बघून मगच बसा. बायकांना एक फार मोठी सोय आहे: २०२१ पासून शहराच्या साध्या बसमध्ये महिलांना तिकीट लागत नाही. पुढून गुलाबी रंगवलेली बस दिसली की चढायचं. सासूबाई याच बसने एकट्या मैलापूरला कपालीश्वराच्या दर्शनाला जातात. सोलापुरात त्या एकट्या कुठे गेल्या नव्हत्या.

स्वयंपाकघराचं सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून सांगते: भाकरी इथे होते. ज्वारीला चोळम म्हणतात, किराणा दुकानात धान्य मिळतं. गिरणीत तांदूळ, नाचणी, मिरची असं सगळंच दळतात, त्यामुळे सकाळी गिरणी उघडताच जा आणि आधी काय दळलंय ते विचारा. आदल्या मिरचीची भाकरी घशाखाली उतरत नाही. गिरणीवाले अण्णा आता आम्हाला बघितलं की जातं झटकून, मूठभर तांदूळ त्यातून काढून, मग आमची ज्वारी टाकतात. साबुदाण्याची काळजीच करू नका, तो मुळात इथल्याच सेलम भागातून आपल्याकडे येतो. काळा मसाला आणि शेंगाची चटणी मात्र घरूनच आणा.

मराठी माणसं भेटतात का? महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीत जा. शिवाय व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावर भागात स्थायिक झालेली घराणी आहेत, त्यांतली बरीच आज चेन्नईत राहतात. मैलापूरला देवळाबाहेर सासूबाई माझ्याशी बोलत होत्या, तर शेजारचे वृद्ध गृहस्थ वळून मराठीत बोलू लागले. मराठी जुन्या वळणाची, हेल तमिळ. त्यांनी आम्हाला तंजावरला जायला सांगितलं. रेल्वेने सहज होतं, आम्ही पोंगलच्या सुट्टीत गेलो. तिथल्या मोठ्या देवळाच्या, म्हणजे बृहदीश्वराच्या, भिंतीवर तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसल्यांच्या इतिहासाचा मराठी शिलालेख आहे. मुलीने त्यातला एक शब्द ओळखला आणि तिथेच उभी राहून पुढचे शोधत बसली. सुट्टीत तिकिटं लवकर संपतात. हल्ली आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी काढा.

दिवाळीला गावी जायचं तिकीटही तसंच काढा, पण जाताना मामींसारख्या कुणाकडे तरी घराची किल्ली ठेवून जा. तेव्हा पाऊस ऐन जोरात असतो. गॅलरीची मोरी साफ करून, इन्व्हर्टर नसेल तर फ्रिज रिकामा करून, कागदपत्रं वरच्या कप्प्यात ठेवून मगच कुलूप लावा.