संत्र्याच्या बातम्या गोळा करणारा माझा पहिला प्रोग्राम

माझ्या काकांची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे आणि मी नागपुरात राहतो. त्यांना रोज सकाळी संत्र्याविषयीच्या बातम्या पाठवता याव्यात, म्हणून पायथन शिकत असतानाच फीडपार्सर ही लायब्ररी (संकेतस्थळांची फीड, म्हणजे ताज्या बातम्यांच्या याद्या, वाचणारा तयार कोड) वापरून मी पहिला प्रोग्राम लिहिला. तो कोणताही एरर न देता चालत असे आणि बहुतेक दिवशी एकही बातमी दाखवत नसे.

फीड मिळाले नाही तरी फीडपार्सर मुकाट्याने रिकामी यादी परत करतो, हे मला ठाऊक नव्हते. स्टेटस, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराचा क्रमांक, छापून पाहिल्यावर एका फीडसाठी ४०३ आले, म्हणजे सर्व्हरने विनंती नाकारली होती. युजर एजंटमध्ये, म्हणजे विनंती कोण करत आहे हे सांगणाऱ्या ओळीत, प्रोग्रामचे नाव दिल्यावर ते मिळू लागले.

पुढची चूक भाषेची होती. मी शीर्षकात ‘संत्रा’ शोधत होतो, पण बातम्यांमध्ये ‘संत्र्याचे भाव’ किंवा ‘संत्री उत्पादक’ असे लिहिलेले असते. केवळ ‘संत्र’ शोधून पाहिले, तेव्हा ‘संत्रस्त नागरिक’ही यादीत आले. शेवटी ‘संत्रा’, ‘संत्री’ आणि ‘संत्र्या’ ही तिन्ही रूपे वेगवेगळी शोधणे मला योग्य वाटले.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो तारखेने. फक्त आजच्या बातम्या निवडताना पहाटेच्या बातम्या का गळतात, हे दोन संध्याकाळी उलगडले नाही. मग एकाच बातमीची मूळ तारीख आणि प्रोग्रामने काढलेली तारीख शेजारी शेजारी छापली. फीडमध्ये पहाटेचे ५ वाजले होते व पुढे +०५३० असे होते, म्हणजे ती भारतीय वेळ होती. प्रोग्राममध्ये मात्र आदल्या रात्रीचे ११:३० दिसत होते. फीडपार्सर पब्लिश्ड-पार्स्ड ही बातमी प्रसिद्ध झाल्याची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, देतो, आणि मी वापरलेले एमकेटाइम हे फंक्शन तिला स्थानिक वेळ समजते. त्यामुळे साडेपाच तासांचा फरक तसाच राहून पहाटे साडेपाचपूर्वीची प्रत्येक बातमी कालची ठरत होती. एमकेटाइमच्या जागी दिलेली वेळ यूटीसी समजणारे, कॅलेंडर मॉड्यूलमधील टाइमजीएम वापरले आणि तारखा जुळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता तीन बातम्या आल्या. रात्री दीडच्या सुमारास प्रसिद्ध झालेली एक बातमी कळमना बाजारातील संत्र्याच्या आवकेविषयी होती. ती मी लगेच काकांना पाठवली.